न येणाऱ्यांचें चर्च

(मानोरा येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय कांहीं जणांस चमत्कारिक वाटेल. जे लोक चर्चमध्यें येत नाहींत त्यांच्यासाठीं नवीं चर्चें काढावींत काय, आणि काढावयाचीं तर तीं कशीं, हा तो विषय. मी स्वतः ख्रिस्ती नाहीं. मग मी या भानगडींत कां पडतों, असें कोणी विचारील. नवें चर्च रिकाम्या माळावर निघत नाहीं. तें आपल्याच वस्तींत, आपल्याच तांड्यावर, कोणाच्या तरी टिनाच्या पडवींत निघतें. त्यांत जाणारा माणूस आपला भाऊ, मेहुणा, सून, नाहीं तर शेजारच्या शेतावरला सालदार असतो. म्हणून तें कसें निघतें हें पाहण्याचा व त्याबद्दल चार शब्द विचारण्याचा गांवाला हक्क आहे. दगड मारण्याचा मात्र नाहीं. समोर कांहीं ख्रिस्ती बंधू बसले आहेत. गोड बोलावयास मी आलों नाहीं, हें त्यांनीं आधींच समजून घ्यावें.

"लोक येत नाहींत" ही तक्रार सर्व धर्मांच्या पुजाऱ्यांची असते. विणलेलें लुगडें बाजारांत खपलें नाहीं तर कोष्टी गिऱ्हाइकाला शिव्या देत बसत नाहीं. घरीं येऊन माग तपासतो, सूत तपासतो. धर्माच्या दुकानदारांना मात्र गिऱ्हाइकाचाच दोष दिसतो. आपल्या तालुक्यांतली पोहरादेवी पाहा. रामनवमीला तेथें बंजारा समाजाची जी गर्दी लोटते तिला कोणी हस्तपत्रकें वांटून आणीत नाहीं. तेथें संत सेवालाल महाराजांचें नांव त्यांच्या स्वतःच्या बोलींत घेतात. नगारा त्यांचा, भोग त्यांचा. जेथें आपलेपण वाटतें तेथें माणूस पायीं जातो. जेथें तो उंबऱ्यावरच अवघडतो तेथें मोटार पाठवली तरी येत नाहीं.

ख्रिस्ती लोकांतही ज्यांनीं आधीं आपला माग तपासला अशीं माणसें झालीं. इंग्लंडांत जॉन वेस्ली म्हणून एक पाद्री होता. ब्रिस्टल शहराजवळ किंग्सवुड हा कोळशाच्या खाणींचा भाग. तेथल्या काळ्या तोंडाच्या खाणकाम्यांस चर्चमध्यें कोणी विचारीत नसे आणि तेही फिरकत नसत. जॉर्ज व्हाइटफील्ड या त्याच्या मित्रानें उघड्यावर उपदेश करण्याची वाट आधीं काढली होती. वेस्ली शिस्तीचा माणूस. देवळाबाहेर धर्म सांगणें त्यास प्रथम लाजिरवाणें वाटलें. तरी १७३९ सालीं तो माळावर उभा राहिला आणि हजारों मजूर ऐकावयास जमले. पण माझ्या मतें त्याचें खरें शहाणपण त्या भाषणांत नव्हतें, पुढच्या व्यवस्थेंत होतें. १७४२ पासून त्यानें सुमारें बारा-बारा माणसांचे गट पाडले. प्रत्येक गटाला त्यांच्यांतलाच एक पुढारी. कधीं चांभार, कधीं विणकर, कधीं बाईसुद्धां. आठवड्याला ज्यानें त्यानें एक पेनी द्यावयाची. ज्याला जमत नसेल त्याची दुसऱ्यानें भरावयाची. आपल्या बायकांच्या बचतगटासारखाच हा प्रकार. मजुरांची मंडळी मजुरांच्या पैशानें व मजुरांच्या देखरेखीखालीं चालली, म्हणून ती वेस्लीच्या मागें टिकली.

त्याच इंग्लंडावर पुढें काय पाळी आली तेंही ऐका. २००४ सालीं इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चनें एक अहवाल काढला. लोक देवळाकडे फिरकत नाहींत, तेव्हां चहाच्या दुकानांत, शाळेंत, कामाच्या ठिकाणीं, लोक असतील तेथें नव्या मंडळ्या काढा, असा त्याचा मथितार्थ. ज्या देशानें आम्हांकडे धर्मोपदेशक पाठवले तोच देश आतां स्वतःच्या न येणाऱ्या लोकांना हुडकीत फिरतो आहे. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. शिकण्यासारखें मात्र पुष्कळ आहे.

आतां आपल्या मुलखाकडे येऊं. वेस्लीच्या परंपरेंतले मेथॉडिस्ट मिशनरी वाशिमासही आले. त्या वेळीं त्याला बाशीम म्हणत. १९३० नंतरच्या दशकांत तेथलें काम नाझरीन पंथाकडे गेलें. १९३६ सालीं डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरीणबाई आल्या आणि १९३८ सालीं वाशिमास रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभें राहिलें. दुखणें आलें कीं माणूस दार कोणत्या धर्माचें हें पाहत नाहीं. चर्चची पायरी न चढणारा दवाखान्याची पायरी चढतो. दवाखाना हें न येणाऱ्यांचेंच चर्च झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं. पण बरा होऊन माणूस घरीं गेला कीं तें नातें तेथेंच संपतें.

मिशनची जुनी पद्धत अशी कीं एक बंगला बांधावयाचा, त्याभोंवतीं कुंपण घालावयाचें आणि कुंपणाच्या आंत चर्च, शाळा, वसतिगृह उभारावयाचें. १८९६-९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या कुंपणांनीं पुष्कळ पोरकीं मुलें जगवलीं. पोटासाठीं बाटले, असें म्हणणारे तेव्हांही होते. ज्यांच्या कोठारांत धान्य असून ज्यांनीं तें काढलें नाहीं, त्यांनीं तरी हें बोलूं नये. पण कुंपणाचा दोषही सांगितला पाहिजे. आंत गेलेला माणूस गांवाला परका झाला, आणि बाहेरच्याला आंत जाण्याची भीति वाटूं लागली.

जालन्याजवळचें बेथेल गांव याचें मोठें उदाहरण. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण. त्यांनीं जालन्याच्या बाजूस मुख्यतः मांग समाजांत काम केलें. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि ख्रिस्ती झालेल्या लोकांचें स्वतंत्र गांव वसवलें. ज्याला गांवकुसाबाहेर जन्मभर काढावा लागला त्याला स्वतःचें गांव, स्वतःची विहीर मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. मी तर तिला नमस्कार करीन. तरी प्रश्न उरतोच. जे बेथेलास गेले ते सुटले. मागच्या गांवांतली विहीर मात्र होती तशीच राहिली, आणि तिच्यापाशीं भांडणारा एक माणूस कमी झाला.

यापुढची गोष्ट नारायण वामन टिळकांची. ही मी जरा सावकाश सांगणार आहें. टिळक १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत करजगांवीं जन्मले. चित्पावन ब्राह्मण, मोठे कवी. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. घरांत आकांत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पाहा, एवढा वाणीचा धनी, पण त्याचें न येणारें पहिलें माणूस त्याच्याच घरांत होतें! लक्ष्मीबाई आल्या त्या नवऱ्याच्या व्याख्यानांनीं नव्हे. सोवळें-ओवळें कडक पाळणारी ती बाई स्वतःशींच विचार करूं लागली कीं ही जात देवानें केली कीं माणसानें? माणसानें केली असें मनानें घेतलें आणि तिनें हातचें पाणी-जेवण घेण्याचा भेद सोडला. बाप्तिस्मा नंतर, १९०० सालीं झाला. आधीं पाणी, मग धर्म, हा क्रम ध्यानांत ठेवा. मला तो पुन्हां लागणार आहे.

टिळकांनीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनमध्यें बरींच वर्षें काम केलें. 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचें संपादन केलें. आज मराठी चर्चमध्यें जीं गीतें म्हणतात त्यांतलीं कितीतरी त्यांचीं. अभंग, भजन, कीर्तन हीं आपल्या मातींतलीं साधनें त्यांनीं चर्चमध्यें आणलीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते सांगत. त्यांना एक गोष्ट सलत होती. ख्रिस्ताबद्दल मनांत प्रेम असणारे पुष्कळ लोक चर्चच्या दारांतून परत फिरतात. कां? तर आंत जाणें म्हणजे साहेबाचा पगार, साहेबाची रीत, सोयऱ्यांशीं ताटातूट आणि वहींत नांव, असें समीकरण झालेलें. तेव्हां १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें, संन्याशाची वृत्ति धरली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येथें एकत्र बसतील, हें त्याचें सूत्र. मराठी मुलखांत न येणाऱ्यांसाठीं मुद्दाम काढलेली याहून धीट मंडळी मला ठाऊक नाहीं. बाप्तिस्म्यावांचून शिष्य कसला, हा प्रश्न जुन्या वळणाच्या ख्रिस्ती मंडळींस पडणें साहजिकच होतें.

दरबार टिकला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. पुरतीं दोन वर्षेंही त्यांस मिळालीं नाहींत. परंतु केवळ मृत्यूवर दोष टाकून चालणार नाहीं. दरबाराचा सारा भार एका खांद्यावर होता, आणि तो खांदा कवीचा. वेस्लीचे बारा-बारांचे गट, आठवड्याची पेनी, चांभार पुढारी, हें साताऱ्यास उभें राहिलें नाहीं. दार मोठें झालें. घराला वासे मात्र बसले नाहींत.

टिळकांनीं एक पूल दाखवला. दुसरा पूल दाखवणारे गृहस्थ आपल्याच प्रांतांत जन्मले. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणजे मानोरा आणि दमोह हे एकाच सरकारच्या कारभाराखालीं होते. त्या दमोहास १८९७ सालीं डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म झाला. हेही मिशनरी, छत्तीसगडांत सतनामी लोकांमध्यें त्यांनीं कित्येक वर्षें काम केलें. त्यांनीं एक रोकडा प्रश्न विचारला: ठाण्यांत बंगला आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, पैसा येतो आहे, मग सभासद कां वाढत नाहींत? १९५५ सालीं त्यांनीं 'देवाचे पूल' अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक लिहून उत्तर दिलें. माणूस एकटा उपटून कुंपणांत आणला तर तो मरतो. धर्म पसरतो तो सोयरिकीच्या पुलावरून, भावाकडून भावाकडे, मामाकडून भाच्याकडे. हें उत्तर अनुभवाचें आहे. रोप उपटतांना मुळाला माती ठेवावी लागते, हें मिरची लावणारी कोणतीही बाई सांगेल.

पण ते तेथें थांबले नाहींत. माणसाला ख्रिस्ती होतांना जातीची, भाषेची, वर्गाची वेस ओलांडावी लागूं नये, म्हणजे तो लवकर येतो, असा सिद्धांत त्यांनीं मांडला. १९६५ पासून अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथें त्यांचें विद्यापीठच झालें. नवें चर्च कसें काढावें याचें जें शास्त्र आज जगभर शिकवतात, त्यांत हा सिद्धांत पायाच्या दगडासारखा बसला. त्याचा आपल्याकडे सरळ अर्थ काय होतो? बंजाऱ्यांचें चर्च तांड्यावर, मातंगांचें त्यांच्या वस्तींत, कुणब्यांचें गांवांत. प्रत्येक जण आपल्या जातींत बसून एकाच देवाला हांक मारणार! मॅकगॅव्हरन जातीचे अभिमानी होते असें मी म्हणत नाहीं. लोकांना आधीं येऊं द्या, भेदभाव मागाहून जाईल, असें त्यांचें म्हणणें होतें.

मागाहून! हा शब्द आम्हीं फार ऐकला आहे. आधीं राजकारण, सामाजिक सुधारणा मागाहून, असें आमच्या बापजाद्यांना सांगणारे मोठे मोठे पुढारी होऊन गेले. त्या 'मागाहून'ची वाट पाहतां पाहतां पिढ्या गेल्या. ख्रिस्ती धर्मांतही हा प्रयोग नवा नाहीं. १६०६ सालीं मदुरेस आलेला इटालियन पाद्री रॉबर्ट डि नोबिली ब्राह्मण संन्याशाच्या वेषांत राहिला. त्या मिशननें पुढें वरच्या जातींसाठीं वेगळे पाद्री व खालच्यांसाठीं वेगळे पाद्री ठेवले. चारशें वर्षें उलटलीं. तामिळनाडूंत तिरुचिरापल्लीस कॅथॉलिक स्मशानभूमींत दलित प्रेतें व इतर प्रेतें यांमधल्या भिंतीचा वाद आमच्या काळापर्यंत पोंचला. मेल्यावरही 'मागाहून' आलें नाहीं! १ जानेवारी १९३८ रोजीं सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळींपुढें बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं दक्षिणेंतल्या चर्चांतील जातिभेदावर बोट ठेवलें होतें. त्यांना मतें मिळवावयाचीं नव्हतीं. आपल्या लोकांना कोणत्या घरांत न्यावें हें ते पारखीत होते. १९५६ सालीं नागपुरास त्यांनीं कोणतें घर पत्करलें हें या सभेस सांगणें नको.

तेव्हां माझें म्हणणें असें. तांड्यावर बंजारा बोलींत भजन होऊं द्या, त्यास माझी ना नाहीं. बोली आपली, चाल आपली, बसणें आपल्या चटईवर. हा टिळकांचा पूल. भावानें भावाला आणणें हा मॅकगॅव्हरन साहेबांचा पूल. दोन्ही चांगले. पण पूल हा पलीकडे जाण्यासाठीं असतो. पुलावरच घरें बांधून जातवार बिऱ्हाडें केलीं तर तो पूल कसला? नवें चर्च निघालें कीं त्याची परीक्षा त्यांच्याच विधींत घ्यावी. प्रभुभोजनांत एक भाकर मोडतात, एका पेल्यांतून पितात. त्या पेल्याला तांडा, मातंगवस्ती आणि गांव या तिघांचे ओंठ महिन्यांतून एकदां तरी लागतात काय? पाण्याचा माठ कोण भरतो? सतरंजी कोण झाडतो, आणि नेहमीं तोच झाडतो काय? पैशाची थैली कोणाच्या हातांत? लक्ष्मीबाईंचा क्रम मीं ध्यानांत ठेवावयास सांगितला होता तो यासाठीं.

आतां कागदाची गोष्ट. ती रुक्ष आहे, पण तिच्यांत पोरांचें भवितव्य अडकलें आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातीच्या सवलतीला धर्माची अट आहे. आरंभीं ती हिंदूंपुरती होती. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध तींत घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. अनुसूचित जमातीला अशी धर्माची अट नाहीं. ही अट अन्यायाची आहे असें माझें स्पष्ट मत आहे, कारण बाप्तिस्म्याच्या पाण्यानें गांवाच्या नजरेंतली जात धुऊन जात नाहीं. पण मत वेगळें आणि कायदा वेगळा. नोव्हेंबर २०२४ मध्यें पुदुच्चेरीकडील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, प्रत्यक्षांत ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्यास केवळ नोकरीसाठीं हिंदु म्हणवून अनुसूचित जातीचा दाखला मागतां येणार नाहीं. यामुळें कितीतरी माणसें मनानें चर्चमध्यें आणि कागदानें बाहेर अशीं लटकलीं आहेत. टिळकांनीं बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांस प्रेमानें जागा दिली. आज सरकारी कागद असे शिष्य तयार करतो आहे! म्हणून नवें चर्च काढणाऱ्या प्रत्येक उपदेशकाचें हें कर्तव्य आहे कीं, बाप्तिस्म्यापूर्वीं घरच्या सगळ्यांना बसवून हें सारें उघड सांगावें. जो हें लपवून संख्या वाढवतो तो मेंढपाळ नव्हे, मेंढरें मोजणारा दलाल आहे. तसेंच बरें होण्याचें, नोकरीचें, पैशाचें आमिष दाखवून कोणी बोलावील तर त्याला दारांतूनच रामराम करावा.

घरांत एक जण चर्चला जाऊं लागला म्हणजे भांडी वेगळीं होतात, सून माहेरीं जाते, धुऱ्यावर बोलणें बंद होतें. हें थांबवा. ज्योतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, मिशनऱ्यांच्या शिक्षणाच्या कामाचे त्यांनीं गोडवे गाइले, पण ते ख्रिस्ती झाले नाहींत. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं त्यांनीं सत्यशोधक समाज काढला. त्यांच्या मागें १८९१ सालीं छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां'त त्यांनीं असें एक कुटुंब कल्पिलें आहे कीं ज्यांत बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असून सारीं गोडीनें नांदतात. असें घर माझ्या तरी पाहण्यांत अजून नाहीं. तुमच्यापैकीं कोणाचें असेल तर सभा संपल्यावर मला अवश्य भेटा. मी तेथें जेवावयास येईन.

शेवटीं नवें चर्च काढणाऱ्यांस दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पहिली पैशाची. परदेशांतून किंवा मोठ्या शहरांतून आलेल्या पैशावर उपदेशक पोसला कीं तो तिकडेच तोंड करून बसतो. मिझोरामांत ख्रिस्ती बाया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ चर्चसाठीं बाजूला काढतात. शंभराहून अधिक वर्षें ही चाल चालली आहे, आणि तेवढ्या मुठींवर मोठीं मोठीं कामें झालीं आहेत. मूठ ही ज्याच्या त्याच्या ऐपतीची असते. पण कर्जांत बुडालेल्या पऱ्हाटीवाल्या कास्तकाराकडून मिळकतीचा दहावा हिस्सा धाकानें वसूल करणें हें धर्मकृत्य नव्हे, ती दुसरी सावकारी होय.

दुसरी गोष्ट काळवेळाची. तुम्ही म्हणतां तांड्यावरचीं माणसें येत नाहींत. अहो, तीं येथें असतात कोठें? दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात; कांहीं वीटभट्ट्यांवर, कांहीं पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. होळीच्या पुढेंमागें परत येतात तों अर्धें वर्ष गेलेलें असतें. तुमचें चर्च मात्र रविवारीं सकाळीं, कुलूप काढून, मागें राहिलेल्या चार म्हाताऱ्यांपुढें चालू! ज्याला या लोकांपर्यंत पोंचावयाचें आहे त्यानें कारखान्याच्या फडावर, कोपीसमोर, रात्रीं गाडी भरून झाल्यावर जाऊन बसावें. तेथें व्याख्यान देऊं नये. त्यांना झोंप हवी असते. मुकादमाच्या वहींतला हिशेब वाचून दाखवावा, मुलांची शाळा बुडते त्याचें काय करतां येईल तें पाहावें, आजारी बाईला दवाखान्यांत न्यावें. मग त्यांनीं विचारलें तर आपल्या देवाचें नांव सांगावें. आणि हें काम केवळ ख्रिस्ती मंडळींचेंच आहे असेंही नाहीं. आपल्या भजनी मंडळांना, बुद्धविहारांना, सेवालाल महाराजांच्या भक्तांनाही त्या फडाचा रस्ता मोकळाच आहे.

यंदा आपापल्या गांवांतून व तांड्यांवरून कोण कोणत्या कारखान्याला जाणार, बरोबर किती पोरें नेणार, याची यादी दसऱ्यापूर्वीं तयार करावी, अशी माझी या सभेस सूचना आहे. अध्यक्षमहाराजांनीं ती मतास टाकावी.